लेझर यंत्राचा पाट

भर दुपारी बहिर्गोल भिंग धरून कागद जाळण्याचा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी केला असेल. भिंग फार जवळ नेले तर नुसते उजेडाचे वर्तुळ पडते, फार दूर नेले तरी तेच. मधल्या एका नेमक्या अंतरावर मात्र ते वर्तुळ मोहरीएवढे होते आणि कागद धुमसू लागतो. आज ज्या यंत्राविषयी मी बोलणार आहे, त्याचे सारे मर्म या अंतरात आहे.

हे यंत्र लेझर किरणाने पुठ्ठा, प्लायवूड, ॲक्रिलिक कापते. काचेच्या नळीत कार्बन डायऑक्साइड वायू असतो, त्यातून हजारो व्होल्टचा वीजदाब देऊन किरण मिळवतात. हा लेझर १९६४ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत चंद्रकुमार पटेल यांनी शोधला. पटेलांचा जन्म १९३८ सालचा, आपल्या बारामतीचा, आणि शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झालेले. पुढे २००२ साली पाबळच्या विज्ञान आश्रमात फॅब लॅब सुरू झाली आणि अशी यंत्रे खेड्यातल्या मुलांच्या हाताशी येऊ लागली. आता तर के-४० नावाचे लहानसे चिनी यंत्र हौशी माणसे घरीही ठेवतात.

एखाद्या शाळेने लोकवर्गणी काढून असे यंत्र घेतले, की महिन्या-दोन महिन्यांत तक्रार येते. फळी एका बाजूला कापली जाते, दुसऱ्या बाजूला नुसती करपते. मग कोणीतरी सांगतो, "गुरुजी, नळी कमजोर झाली, करंट वाढवा." करंट वाढवला की काम थोडे भागते, पण नळीचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि नवी नळी काही स्वस्त नसते. नळी बिचारी निर्दोष असते! दोष बहुधा असतो तो फळी ज्यावर ठेवतो त्या पाटाचा. यंत्रवाले त्याला बेड म्हणतात.

मूळचा बेड असतो तरी कसा? के-४० हे यंत्र मुख्यतः रबरी शिक्के कोरण्यासाठी बनवलेले. म्हणून त्यात एक छोटा स्प्रिंगचा चिमटा बसवलेला असतो. त्यात शिक्क्याचे रबर मावते, हातभर फळी मावत नाही. शिवाय त्याची उंची ठरलेली. भिंगाचे केंद्रांतर ५०.८ मिलिमीटर, म्हणजे दोन इंच. आज ३ मिलिमीटरचे प्लायवूड ठेवले आणि उद्या ६ मिलिमीटरचे, तर फळीचा पृष्ठभाग ३ मिलिमीटर वर आला, आणि किरणाचा मोहरीएवढा ठिपका पसरला. एवढ्या फरकाने काम बिघडते, बरं का.

तेव्हा पहिली सुधारणा उंचीची. मूळचा चिमटा काढून टाकावा. त्याआधी यंत्राचा प्लग भिंतीतून काढलाच पाहिजे, आणि वीजदाबाच्या बाजूचे झाकण मुलांनी उघडायचे नाही. मग लोखंडी चौकटीला चार कोपऱ्यांत चार एम-६ बोल्ट उभे बसवावेत. या बोल्टचा आटा १ मिलिमीटरचा असतो. नट एक फेरा फिरवला की चौकट तेवढीच वर येते. शिक्षकांना मोजमापाचा याहून सोपा धडा शोधून सापडायचा नाही.

आता नेमके अंतर कसे काढावे? पुस्तकातला आकडा पुरत नाही, कारण भिंग डोक्याच्या आत किती खोल बसले आहे ते बाहेरून दिसत नाही. एक फळी उतरती ठेवावी आणि कमी करंटवर तिच्यावर एक सरळ रेघ जाळावी. रेघ दोन्ही टोकांना जाड उमटेल, मध्ये कुठेतरी केसासारखी बारीक. त्या बारीक जागेपासून डोक्याच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा आणि तेवढ्या उंचीचा लाकडी ठोकळा कापून ठेवा. यापुढे कोणतीही फळी असो, ठोकळा मध्ये धरायचा आणि नट फिरवायचे.

चारी कोपऱ्यांवर हाच ठोकळा लावून पाहावा. इथे गवंड्याची पाणसळ वापरू नका. बेड जमिनीशी समपातळीत असून भागत नाही. डोके ज्या रुळांवरून धावते त्यांच्याशी तो समांतर हवा. रूळ किंचित कलले असतील तर बेडही तितकाच कललेला बरा.

दुसरी गोष्ट बेडच्या पृष्ठभागाची. किरण फळी कापून थांबत नाही, खाली जातो. खाली सपाट पत्रा असेल तर त्यावरून परावर्तित होऊन फळीच्या पाठीवर डाग पाडतो. म्हणून आधार असा हवा की जो फळीला कमीत कमी जागी टेकेल. मधाच्या पोळ्यासारखी ॲल्युमिनियमची जाळी त्यासाठी मिळते. ती चांगली, पण प्लायवूडच्या डिंकाचा चिकट धूर तिच्या घरांत साठतो, आणि साफ करणे जिकिरीचे. माझे मत विचाराल तर शाळेला पोलादी पट्ट्या बऱ्या. चौकटीत ओळीने, अंतर सोडून, काठावर उभ्या केलेल्या. गावचा वेल्डर त्या करून देईल, खराब झालेली एकच पट्टी बदलता येईल, आणि वाकलेली फळी लोहचुंबकाने दाबून धरता येईल. ॲल्युमिनियमवर चुंबक चिकटत नाही. लाकडी बेड मात्र कदापि नको. पट्ट्यांना रंगही देऊ नका.

पट्ट्यांखाली मोकळी जागा आणि तळाशी पत्र्याचे ताट असावे. जागा असली म्हणजे पंखा धूर खालून ओढून नेतो. नाहीतर तो भिंगावर बसतो, भिंग तापते आणि तडकते. ताटात पडलेले बारीक तुकडे रोज काढा. लेझर यंत्रातली आग पुष्कळदा अशा कपच्यांतूनच पेटते.

यंत्र चालू असताना झाकण बंद ठेवावे. हा किरण डोळ्यांना दिसत नाही, आणि पुष्कळ स्वस्त यंत्रांत झाकण उघडले तरी तो बंद होत नाही. जवळ एक जाणते माणूस आणि अग्निशामक नळकांडे हवेच. आणि बेड कितीही चांगला झाला तरी त्यावर फ्लेक्सचा तुकडा किंवा रेक्झिन ठेवू देऊ नका. निवडणुकीनंतर गावात फ्लेक्स फुकट मिळते, मुले ते आणणारच. त्यात पीव्हीसी असते. ते जळले की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो. तो मुलांच्या छातीत जातो, आणि नव्या पट्ट्यांवर काही दिवसांत गंज चढतो.