सर्दी, ताप आणि लेकराचा श्वास

(ग्रामसंघाच्या मासिक सभेत आरोग्य सेविका ताईंनी केलेलं भाषण)

सभा सुरू व्हायच्या आधी मी तुमची कर्जाची वही चाळत होते. थंडीच्या महिन्यांत 'दवाखाना' या कारणाने बरीच उचल दिसली. माझ्या घरीही तेच. जावेनं मागच्या वर्षी नुसत्या सर्दीला सलाईन लावून घेतलं, गटातून दोन हजार उचलून. मी आरोग्य सेविका, पण घरात माझं ऐकतंय कोण! म्हणून तुम्हाला सांगते.

नाकात आणि श्वासनळीत चिकट थर असतो, त्याला लागून डोळ्यांना न दिसणारे बारीक केस. ते केरसुणीसारखे हलतात आणि अडकलेली घाण घशाकडे लोटतात. चुलीच्या धुरानं ही केरसुणी मंदावते. म्हणून लेकरू मांडीवर घेऊन चुलीपुढे बसू नका.

तरीही सर्दीचा विषाणू आत शिरला, तर ज्या पेशीत तो शिरतो ती शेजारणींना सावध करते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. सूज येते, नाक वाहतं. मेंदू अंग तापवतो, कारण तापलेल्या अंगात बऱ्याच विषाणूंची वाढ मंदावते. म्हणजे कणकण, अंगदुखी हे बरंचसं आपल्याच शरीराचं काम. शेंबूड हिरवा झाला की आपण घाबरतो, पण तो रंग या पांढऱ्या पेशींमुळेच येतो.

नेमका कोण आलाय हे ओळखून त्याच्यावरच चालणारी प्रतिपिंडं बनायला आठवडाभर तरी जातो. जावेनं सलाईन लावलं तिसऱ्या दिवशी, बरं वाटलं सातव्या दिवशी, नाव झालं सलाईनचं! शरीर ही ओळख लक्षात ठेवतं, पण सर्दीचे विषाणू २०० हून जास्त प्रकारचे, म्हणून सर्दी पुन्हा होते. आणि अँटिबायोटिक गोळी जिवाणूंना मारते, विषाणूंना नाही.

पण लेकराच्या बाबतीत थांबायचं नाही, बरं का. आजार फुप्फुसात उतरला तर तिथल्या बारीक पिशव्यांत पू-पाणी भरतं, हवा कमी पडते आणि लेकरू भरभर श्वास घेतं. हा न्यूमोनिया. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच माणसांना श्वास मोजायला शिकवलं, आणि न्यूमोनियानं जाणारी लेकरं वाचली. लेकरू शांत असताना पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त भरले, श्वास घेताना छातीखालचा भाग आत ओढला गेला, किंवा लेकरू अंगावर पिईना, तर रात्र असली तरी १०८ ला फोन लावा. तेव्हा उचल, हप्ता मनात आणू नका. तिथं औषध लागतंच.

न्यूमोनियाची पीसीव्ही लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना फुकट मिळते. आजार न होताच ती शरीराला जंतूची ओळख करून देते. कुणाची राहिली असेल तर कार्ड घेऊन सभेनंतर भेटा. मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवडे हटला नाही, तर थुंकी तपासून घ्या.

आता मागच्या रांगेतल्या ताईंच्या मांडीवर बाळ झोपलंय. मी घड्याळ लावते. सगळ्यांनी मनात मोजा आणि आकडा मला सांगा.