लोखंडी चेतकाची बखर



हळदीघाटीचा चेतक १५७६ साली धन्याला वाचवून धारातीर्थी पडला. आकुर्डीचा चेतक १९७२ साली अवतरला. त्याला जागवता जागवता धनीच घामाघूम होत असे.

कुलवृत्त मात्र थोर. मूळ पुरुष इटलीचा ‘व्हेस्पा’, म्हणजे गांधीलमाशी. १९४६ साली तिला रूप देणारे कोरादिनो दास्कानियो हे विमानांचे अभियंते. मोटारसायकल त्यांना मुळीच रुचत नसे. त्यांनी पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले आणि इंजिन मागे, उजव्या अंगाला बसवले. पंक्चर झाल्यास चाक चटकन निघे, हा लाभ. गाडी एका अंगाने जड झाली, हा भोग. पुढे परवान्यावर हीच गाडी बजाजने बांधली आणि करार संपल्यावर आपला चेतक काढला. नाव मेवाडचे, हाड इटलीचे, मुक्काम पुण्याजवळ! अशा सोयरिकीतून आलेल्या प्राण्याचा स्वभाव सरळ कसा असावा?

तो सहजासहजी घरीही येत नसे. नोंदणीनंतरची प्रतीक्षा कित्येक वर्षांची. बारशाला नोंदवलेली गाडी मुंजीला दारात उभी राहिली तर गृहस्थ स्वतःला भाग्यवान समजे, आणि नारळ फोडून झाल्यावर पहिली किक मारी.

चेतक मौन.

दुसरी, तिसरी, सातवी किक. मग कुटुंबप्रमुख शर्टाच्या बाह्या सावरून गाडी हळुवार कलती करी, जशी आई तापातल्या लेकराची कूस बदलते. कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचावे, हा त्यामागचा हेतू. पण हा विधी संध्यावंदनाप्रमाणे अर्थ न विचारता पाळला जाई. तेवढ्यानेही न भागले तर प्लग काढावा. दोन-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलातच तेल पाजावे लागे आणि त्याची काजळी प्लगवर बसे. ती पॉलिशपेपरने घासण्याचे काम थोरल्या मुलाकडे असे. लिटरला तेल किती, हे त्रैराशिक तो वर्गात शिकण्याआधी पेट्रोलपंपावर शिके.

पंडरीच्या कापडबाजारात या प्राण्याचे खरे मोल कळले. पायाशी कापडाचा गठ्ठा, त्यावर धाकटा उभा, मध्ये थोरली, मागे आडव्या बसलेल्या आई, मांडीवर पिशवी. एवढा संसार घेऊन तो भर पावसात बंद पडे. वडिलांचा चेहरा उतरे. महिनाअखेरीस मेकॅनिकचा खर्च कुठून आणायचा, हे मुलांनाही ठाऊक असे. अशा वेळी कोणी अनोळखी गृहस्थ थांबे आणि डिकीतून आपला पाना काढून देई. तो मराठी असो, छत्तीसगढी असो वा सिंधी, सल्ला एकच: तिरपी करून बघा.

२०१९ साली याच नावाची विजेची गाडी जाहीर झाली. तिला किक नाही, प्लग नाही, धूर नाही. एखादे आजोबा मात्र ती स्टँडवरून उतरवताना सवयीने किंचित झुकवतात. नातू विचारतो, “आजोबा, हे काय?”

“थांब रे, पेट्रोल उतरू दे.”