जुनं इंजिन भंगारात देऊ नका

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या 'सभासदांचे अनुभव' या कार्यक्रमातील भाषण)



सेक्रेटरींनी मला सांगितलं होतं, "काका, तुम्ही बँकेतले. निवृत्तांनी पैसे कुठे ठेवावेत यावर बोला." मी म्हटलं, ते मला लिफ्टमध्ये रोज कुणीतरी विचारतंच. आज दुसरं काहीतरी बोलतो. आज मी मोटारीच्या इंजिनावर बोलणार आहे. मी मेकॅनिक नाही, साधा बी.कॉम. आहे. पण गेल्या वर्षी सहा महिने मुलाकडे अमेरिकेत होतो, तेव्हा एका इंजिनावरून घरात असा वाद झाला की शेवटी निवाडा माझ्याकडे आला. तो निवाडा करताना मला माझीच एक जुनी चूक कबूल करावी लागली. तीच आज तुम्हाला सांगतो.

मुलगा डेट्रॉईटजवळ राहतो. डेट्रॉईट म्हणजे अमेरिकेतल्या मोटारींचं माहेरघर. त्याच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ आहेत, मोटार कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी १९६९ साली तरुणपणी एक नवी कोरी शेव्हरोले कॅमारो घेतली होती. आता हात थरथरतात, गाडी चालवणं होत नाही, म्हणून त्यांनी ती माझ्या मुलाला विकली. मुलाचा हेतू असा की नातू सतरा वर्षांचा आहे, बाप-लेक मिळून गाडी दुरुस्त करू, त्या निमित्तानं चार शब्द बोलणं तरी होईल. (हशा) हसू नका, सतरा वर्षांचा मुलगा बापाशी किती बोलतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

अशा गाड्यांना तिथे 'मसल कार' म्हणतात, म्हणजे दंड-बेटक्या काढलेली गाडी. जाणकार लोक कॅमारोची जात थोडी वेगळी सांगतात, पण मोठं इंजिन असलेली कॅमारो याच पंगतीत बसते. आमच्या वडिलांच्या फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं होतं. या कॅमारोचं ३५० क्युबिक इंचांचं, म्हणजे सुमारे ५७०० सीसी. आठ सिलिंडर. आमची पाच फियाट इंजिनं एकाच बॉनेटखाली!

तर ही गाडी चालू केली की मागून निळा धूर यायचा. मुलानं प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. सातांत दीडशेच्या आसपास, आठव्यात नव्वद. म्हणजे इंजिन उघडावंच लागणार. आणि इथेच वादाला तोंड फुटलं.

नातू म्हणाला, "उघडायचं कशाला? काढून टाकू आणि आजच्या जमान्याचं बसवू." मुलगा म्हणाला, "मूळ इंजिन काढलं तर गाडीत राहिलं काय? पत्रा?" जेवणाच्या टेबलावर आठवडाभर हेच. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही आयुष्यभर कर्जाचे अर्ज मंजूर-नामंजूर केलेत. हाही एक करा."

मी वही-पेन घेऊन बसलो. आधी नातवाची बाजू ऐकली. खोटं कशाला बोलू, त्याची बाजू भक्कम होती. शेव्हरोलेच्याच कंपनीनं १९९७ च्या कॉर्व्हेटपासून 'एलएस' नावाचं नवं इंजिनांचं कुटुंब आणलं. त्यातलं २००८ च्या कॉर्व्हेटमध्ये आलेलं ६.२ लिटरचं एलएस-३ हे इंजिन ४३० हॉर्सपॉवरचं. आमच्या जुन्या इंजिनाची छापील ताकद ३००. शिवाय नव्याचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा, म्हणून जुन्या लोखंडी इंजिनापेक्षा ते सुमारे पन्नास किलोनं हलकं. गाडीचं नाक हलकं झालं की वळणावर ती ऐकते. आणि कार्बोरेटर नाही, पेट्रोलचा हिशेब संगणक ठेवतो. थंडीत चोक ओढून विनवण्या करायच्या नाहीत. किल्ली फिरवली की चालू.

यात एक बँकेची गंमत सांगतो. जुन्या इंजिनाचे ते ३०० हॉर्सपॉवर 'ग्रॉस' होते. त्या काळी इंजिन स्टँडवर ठेवून, मागचा सायलेन्सर वगैरे न जोडता ताकद मोजायचे. १९७२ पासून अमेरिकेत 'नेट' आकडा छापायला लागले, म्हणजे सगळं सामान जोडल्यावर जे उरतं ते. आपल्याला हे शिकवायला नको. ग्रॉस पगार आणि हातात येणारा पगार! तेव्हा ३०० आणि ४३० यातला खरा फरक दिसतो त्याहून मोठा आहे.

मग मी नातवाला विचारलं, "इंजिनाची किंमत लिहिलीस, बाकीचं कुठे आहे?" कर्जाच्या अर्जातही लोक मशिनरीची किंमत लिहितात आणि पाया, वायरिंग, वाहतूक विसरतात. नव्या इंजिनाला इंजेक्शन असल्यामुळे पेट्रोल जुन्यापेक्षा आठ-दहा पट दाबानं पुरवावं लागतं, म्हणजे पंप नवा आणि टाकीत बदल. संगणक आणि त्याची वायरिंग आली. इंजिन बसवायच्या पट्ट्या वेगळ्या, खालचं ऑइल पॅन वेगळं, धुराचे पाइप वेगळे. आणि त्याला हवा होता तो सहा गियरचा मोठा गियरबॉक्स बसवायचा तर बहुतेक वेळा गाडीच्या तळाचा मधला उंचवटा कापावा लागतो. यादी संपली तेव्हा त्याचा आकडा जवळजवळ दुप्पट झाला होता. पोरगा गप्प झाला.

पण मुलाची बाजूही काही स्वस्तात नव्हती. जुनं इंजिन पूर्ण उघडायचं, सिलिंडर बोअर करायचे, नवे पिस्टन आणि रिंगा. त्या काळचं पेट्रोल शिसं घातलेलं असे आणि ते शिसं व्हॉल्व्हच्या बैठकींना राखत असे. तिथे रस्त्यावरच्या गाड्यांसाठी असं पेट्रोल १९९६ पासून बंद आहे. म्हणून बैठकीही कडक धातूच्या बसवायच्या. आणि जपण्याची एक गोष्ट: इंजिनाच्या पुढच्या बाजूला एका छोट्या सपाट जागेवर गाडीच्या नंबराचे आकडे ठोकलेले असतात. ते गाडीच्या नंबराशी जुळले तर तिथे त्याला 'मॅचिंग नंबर्स' म्हणतात आणि अशा गाडीला मान असतो, किंमतही असते. वर्कशॉपमध्ये ब्लॉकचा माथा सपाट करताना तो आकडाच घासून गेला, तर जुनं इंजिन राखूनही त्याचा दाखला गेला!

असे दोन्ही ताळेबंद जवळजवळ सारखे निघाले. मग मी शेजारच्या त्या गृहस्थांकडे गेलो. मला वाटलं, हे म्हणणार माझ्या गाडीला हात लावू नका. ते हसले. म्हणाले, "१९६९ मध्ये मला ते नवं इंजिन मिळालं असतं, तर मी त्याच दिवशी बसवलं असतं."

आणि त्यांनी मला इतिहास सांगितला. १९६४ ची पाँटिअॅक जीटीओ ही मसल कारची सुरुवात समजतात. कंपनीचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. जॉन डीलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोठ्या गाडीचं ३८९ इंचांचं इंजिन त्या मध्यम गाडीत घातलं आणि नवं मॉडेल न म्हणता 'जादा पर्याय' म्हणून विकायला काढलं. नियम कागदावर शाबूत, गाडी रस्त्यावर सुसाट! पुढे प्रदूषणाचे कायदे, विम्याचे चढे हप्ते आणि १९७३ ची तेलटंचाई यांनी त्या गाड्यांचा जोर ओसरला. म्हणजे मुळात एका गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीत घालण्यातूनच ही परंपरा जन्मली. मग परंपरा पाळणारा कोण, मुलगा की नातू?

त्यांनी आणखी एक सांगितलं. १९५५ साली शेव्हरोलेनं ही छोटी व्ही-एट काढली, तेव्हा दोन शेजारच्या सिलिंडरांच्या मध्यांमधलं अंतर ४.४ इंच ठेवलं होतं. बेचाळीस वर्षांनी नवं इंजिन आलं, सगळं बदललं, पण ते अंतर ४.४ इंचच राहिलं. कॅमशाफ्टही ब्लॉकच्या पोटातच. नातवाचं नाक आजोबांवर जावं, तसं.

मी परत आलो तो जास्तच गोंधळून. त्या रात्री मला माझी फियाट आठवली.

आपल्या सोसायटीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत पाण्याच्या टाकीजवळ उभी असायची ती पांढरी फियाट जुन्या सभासदांना आठवत असेल. ती मूळची माझ्या वडिलांची. ते साताऱ्याला वकिली करत. गाडीचं काम ते स्वतः करायचे, पॉइंट घासायचे, आवाजावरून टायमिंग लावायचे. नंतर गाडी माझ्याकडे आली. १९९० साली माझी बदली झाली, रोजचं फिरणं वाढलं, पेट्रोल परवडेना. तेव्हा अनेक जण करत तेच मी केलं: गॅरेजमध्ये देऊन डिझेल इंजिन बसवून घेतलं. आर.सी. बुकात नवा इंजिन नंबर चढवला. आणि जुनं पेट्रोल इंजिन भंगारवाल्याला वजनावर दिलं.

माझा हिशेब चुकला नव्हता, हे आजही सांगतो. दोन-अडीच वर्षांत खर्च वसूल झाला. गाडी थरथरायची, काचा वाजायच्या, स्टिअरिंग जड झालं, पण पैसे वाचले. वडील पाहायला आले. बॉनेट उघडून बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "छान केलंस." मग विचारलं, "आपलं इंजिन कुठाय?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी ती गाडी कधी चालवली नाही. यायचे, पण मागच्या सीटवर बसायचे.

ते गेल्यावर मला वाटलं, गाडी पूर्वीसारखी करावी. तसं इंजिन दुसरं मिळालं असतं, पण वडिलांनी ज्याचे पॉइंट घासले ते कुठून मिळणार? शेवटी गाडीही विकली.

बँकेत मी तीस-पस्तीस वर्षं लोकांना सांगत आलो, की गहाण ठेवलेलं सोडवता येतं, विकलेलं परत येत नाही. आणि स्वतःच्या घरात तेवढंच विसरलो. डिझेल बसवलं ही चूक नव्हती. जुनं इंजिन कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळून ठेवलं नाही, ही चूक.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला आणि नातवाला हे सगळं सांगितलं. मुलालाही ते तोवर माहीत नव्हतं. मग म्हटलं, जुनं की नवं हा प्रश्न बाजूला ठेवा. दोनच प्रश्न विचारा. गाडी कशासाठी हवी आहे? आणि जे कराल ते पुढे कुणाला पूर्ववत करता येईल का?

पहिल्याचं उत्तर सोपं निघालं. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, पत्रा गंजतो, म्हणून अशी गाडी चार-पाच महिने गॅरेजमध्येच राहते. रोज कामाला न्यायची असती तर मी नव्या इंजिनाच्या बाजूनं कौल दिला असता. पण ही रविवारची गाडी. म्हणून ठरलं, की जुनंच इंजिन बांधायचं, आणि त्या आकड्यांच्या जागेला हत्यार लावायचं नाही असं वर्कशॉपला लेखी द्यायचं. नातवाचंही ऐकलं. कार्बोरेटरच्या जागी, त्याच चार बोल्टवर बसणारं, दिसायला कार्बोरेटरसारखंच असं इंजेक्शन मिळतं, ते बसवलं. जुना कार्बोरेटर चिठ्ठी लावून खोक्यात. आणि एक करार लिहिला: पुढे स्वतःच्या कमाईतून नातवाला नवं इंजिन बसवायचं असेल तर खुशाल बसवावं, पण पत्रा कापायचा नाही आणि जुनं इंजिन विकायचं नाही. दोघांनी सह्या केल्या, साक्षीदार मी.

मी निघायच्या आधल्या आठवड्यात गाडी चालू झाली. चढावर जोर दिला की आतून बारीक टक-टक आवाज यायचा. संगणकाच्या पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. शेजारचे गृहस्थ काठी टेकत आले, ऐकलं, नातवाला डिस्ट्रिब्युटर ढिला करायला सांगितला आणि थरथरत्या हातानं तो केसभर फिरवला. आवाज गेला. नातवानं काही न बोलता किल्ली त्यांच्यापुढे धरली. ते क्षणभर थांबले, मग आमच्या गल्लीत एक सावकाश फेरी मारून आले. नातू शेजारी बसला होता. मागच्या सीटवर कुणी नव्हतं.

मंडळी, आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. लिफ्ट बदलायची, गेट बदलायचं, पुढे केव्हातरी इमारतच नव्यानं बांधायची, असे विषय येत राहणार. मी नव्याच्या विरुद्ध नाही, माझे गुडघे तर नव्या लिफ्टच्याच बाजूनं आहेत. (हशा) एवढंच म्हणतो, की खर्चाच्या आकड्याबरोबर तो दुसरा प्रश्नही सभेत विचारत चला: हे पुढे पूर्ववत करता येईल का? येणार नसेल, तर हात वर करण्याआधी एक रात्र जाऊ द्या.