‘पित्त झालंय’ म्हणण्यापूर्वी

(मेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. पण मेळाव्याच्या तयारीसाठी आम्ही मैत्रिणी जमलो, तेव्हा जेवणाच्या यादीपेक्षा जास्त वेळ डोकेदुखीवर बोलणं झालं. एकीनं गोळी मागितली आणि चार पर्समधून चार पाकिटं बाहेर आली. म्हणून मी विषय बदलून मागितला. मी डॉक्टर नाही, पण मला अर्धशिशी आहे, आईलाही होती, आणि गेली काही वर्षं मी या विषयाचं वाचत आणि विचारत आले आहे. आपल्याच वर्गातल्या डॉक्टर मैत्रिणीनं हा मजकूर आधी तपासून दिला आहे, तेव्हा निर्धास्त ऐका.

माझ्या आईला महिन्यातून दोन-तीनदा ‘पित्त व्हायचं’. सकाळी कपाळाची एक बाजू ठणकायला लागायची. मग खिडकी लावा, रेडिओ बंद करा, कुकरची शिट्टीसुद्धा नको. डोक्याला फडकं घट्ट बांधून, सुंठ उगाळून लावून ती अंधारात पडून राहायची. दुपारी उलटी व्हायची, मग झोप लागायची, आणि संध्याकाळी उठून ती स्वयंपाकाला लागायची. घरात सगळे म्हणत, ‘पित्त पडलं, आता बरं वाटेल.’ तिनं आंबट सोडलं, तूरडाळ सोडली, शेंगदाणे सोडले, मोरावळा खाल्ला, धने-जिऱ्याचं पाणी प्यायली. तिनं इतकं सोडलं, पण पित्तानं तिला सोडलं नाही. साठी उलटल्यावर एका न्यूरॉलॉजिस्टनी वीस मिनिटं शांतपणे प्रश्न विचारले आणि सांगितलं, ‘आजी, ही अर्धशिशी आहे. मायग्रेन.’ आई काही क्षण गप्प बसली आणि म्हणाली, ‘म्हणजे माझं खाणं चुकत नव्हतं तर.’

मला आज जे सांगायचं आहे ते बहुतेक सगळं या वाक्यात आहे. आपल्याकडे डोकेदुखीला औषध मिळण्याआधी नाव मिळतं, आणि ते नाव बऱ्याचदा चुकीचं असतं. नाव चुकलं की उपायही चुकतात, आणि ज्याचं डोकं दुखतं तो स्वतःलाच दोष देत बसतो.

पहिलं नाव पित्त. मळमळ आणि उलटी हे अर्धशिशीचं कारण नसून तिच्याच झटक्याचा भाग आहेत. झटका सुरू झाला की जठराचं काम मंदावतं, अन्न तिथंच रेंगाळतं, म्हणून मळमळतं. उलटीनंतर काहींना बरं वाटतं हे खरं आहे, पण म्हणून डोकेदुखी पोटातून आली असं ठरत नाही. याच कारणानं उशिरा घेतलेली गोळीही नीट लागू पडत नाही, कारण ती पोटातच पडून राहते.

दुसरं नाव सायनस. अर्धशिशीत नाक चोंदणं, डोळ्यातून पाणी येणं, गालावर जडपणा हे सगळं होऊ शकतं. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, ज्यांना स्वतःला किंवा डॉक्टरांना ‘सायनसची डोकेदुखी’ वाटत होती अशा जवळजवळ 3000 लोकांना तपासलं. त्यातल्या 88 टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या प्रकारची निघाली. खरा सायनसचा जंतुसंसर्ग असेल, तर घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, वास न येणं, कधी ताप अशी लक्षणं सोबत असतात.

तिसरं नाव चष्म्याचा नंबर. आपण सगळे आता चाळिशीचा चष्मा लावायच्या वयात आहोत. जवळचं दिसेनासं झालं की वाचल्यावर डोळे शिणतात, कपाळ जड होतं, हे होतंच. तेव्हा नंबर जरूर तपासा. पण ज्या दुखण्यात उलटी होते, उजेड सहन होत नाही, ते चष्मा बदलून जाईल अशी आशा ठेवू नका. रक्तदाबाचंही तसंच आहे. तो फारच वाढला तर डोकं दुखतं, एरवी वाढलेला रक्तदाब बहुधा मुका असतो. म्हणून तो मोजायचाच, पण डोकं दुखत नाही म्हणजे रक्तदाब ठीक, असं समजायचं नाही.

मग खरी कारणं कोणती? वारंवार होणाऱ्या डोकेदुखीत दोन प्रकार सगळ्यात जास्त आढळतात. एक ताणाची डोकेदुखी. ती दोन्ही बाजूंना, पट्टा आवळल्यासारखी असते. त्रास देते, पण आपण काम करत राहतो. जिना चढल्यानं ती वाढत नाही, उलटी होत नाही. दुसरी अर्धशिशी. उपचार न केल्यास ती 4 ते 72 तास टिकते, बहुधा ठणकते आणि हालचालीनं वाढते. नावात ‘अर्ध’ असलं तरी ती दोन्ही बाजूंनाही दुखू शकते. काहींना दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेघा दिसतात किंवा हाताला मुंग्या येतात. डॉक्टर प्राथमिक चाळणीसाठी तीन साधे प्रश्न विचारतात. डोकं दुखताना मळमळतं का? उजेडाचा त्रास होतो का? गेल्या तीन महिन्यांत निदान एक दिवस तरी त्यामुळे काम बंद पडलं का? तीनपैकी दोन उत्तरं ‘हो’ असतील तर अर्धशिशीची शक्यता बरीच आहे, डॉक्टरांशी त्या दिशेनं बोला.

मेंदूला स्वतःला दुखणं कळत नाही, हे मला प्रथम कळलं तेव्हा गंमत वाटली. दुखतात ती मेंदूभोवतीची आवरणं आणि रक्तवाहिन्या. चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या संवेदना नेणारी जी मोठी नस आहे, ती अर्धशिशीत उद्दीपित होते, आणि तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं रसायन सुटतं. याच रसायनाला अडवणारं इंजेक्शन 2018 मध्ये अमेरिकेत मान्य झालं. म्हणजे हा ‘मनाचा खेळ’ नाही, ‘नखरे’ तर नाहीतच. बहुतेकदा हा आजार घराण्यातून येतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट जास्त आढळतो. कर्नाटकात बंगळुरूच्या परिसरात केलेल्या एका पाहणीत वर्षभरात सुमारे चौथ्या हिश्शाच्या लोकांना मायग्रेन झालेलं दिसलं. तेच प्रमाण इथं धरलं, तर या सभागृहात प्रत्येक ओळीत दोन-तीन जण निघतील.

आता पर्समधल्या पाकिटांकडे येते. गोळी वाईट नसते, मीही घेते. पण गोळीनं वाढणारी डोकेदुखी हा एक वेगळा, मान्य झालेला आजार आहे. आधीच डोकेदुखी असलेल्या माणसानं साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा त्याहून जास्त दिवस, किंवा मिश्र गोळ्या 10 किंवा त्याहून जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चालवलं, तर डोकं जवळजवळ रोज दुखायला लागतं. मग रोज गोळी, आणि गोळीमुळे पुन्हा दुखणं. दुकानात सहज मिळणाऱ्या डोकेदुखीच्या कित्येक गोळ्या मिश्र असतात, त्यात कॅफिनही असतं. पाकिटाची मागची बाजू वाचा. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ रोज सकाळी चहाबरोबर गोळी घ्यायचे, दुखण्याची वाटसुद्धा पाहायचे नाहीत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांनी ती बंद केली. पहिला आठवडा फार कठीण गेला, कारण सुरुवातीला दुखणं वाढतं. दोन महिन्यांनी त्यांची डोकेदुखी महिन्यातून चार दिवसांवर आली. अशा गोळ्या मनानंच एकदम तोडू नका, काही औषधं हळूहळूच कमी करावी लागतात.

आता माझ्या धंद्यातलं एक सांगते. जो बिघाड कधी येतो, कधी येत नाही, तो आम्ही अंदाजानं शोधत नाही. नोंद ठेवतो. डोकेदुखीचंही तेच. साधी वही किंवा भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. रोज पाच गोष्टी लिहा: दुखलं का आणि किती वेळ, दहापैकी किती, कोणती गोळी किती वाजता, झोप किती, आणि जेवण किती वाजता. बायकांनी पाळीची तारीखही. तीन महिने एवढंच. न दुखलेला दिवससुद्धा लिहायचा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

माझ्या वहीतून दिसलं ते असं. मला वाटत होतं की स्क्रीनमुळे दुखतं. पण आठ-दहा तास स्क्रीनसमोर बसूनही न दुखलेले दिवस भरपूर होते. दुखलेल्या दिवसांत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा होत्या: जेवणाला अडीच-तीन वाजलेले, शनिवारी उशिरापर्यंत झोपलेली, आणि पाळीच्या आदला दिवस. दोन कारणं एकत्र आली की झटका जवळजवळ ठरलेला. अर्धशिशीच्या मेंदूला बदल सोसत नाही. जास्त झोपही नको, कमीही नको. चतुर्थीला, एकादशीला, नवरात्रात ज्यांचं डोकं हमखास दुखतं, त्यांनी उपवासाला दूध, फळं, राजगिरा वेळेवर घ्यावं. ज्यांना रोज चार कप चहा लागतो, त्यांचा तो चुकला की एका दिवसात डोकं धरतं, हेही लक्षात ठेवा. चहा कमी करायचा तर अर्धा-अर्धा कप करत कमी करा.

ही वही डॉक्टरांकडे नेली की भेटीचं रूपच बदलतं. ‘अधूनमधून दुखतं’ याऐवजी ‘मार्चमध्ये नऊ दिवस, त्यात सहा दिवस गोळी’ असं सांगता येतं. अर्धशिशीचं निदान मुख्यतः या माहितीवरूनच होतं. तपासणी व्यवस्थित असेल आणि धोक्याची लक्षणं नसतील, तर प्रत्येकाला स्कॅन लागत नाही.

उपचार दोन तऱ्हेचे असतात. एक झटक्याच्या वेळचा. त्यातलं औषध दुखणं सुरू होताच, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घ्यायचं, शेवटपर्यंत सोसून नाही. दुसरा झटके कमी करणारा. महिन्यात चार-पाच दिवस किंवा अधिक वाया जात असतील तर डॉक्टर रोजचं औषध सुचवू शकतात. इथं एक घोटाळा होतो. हृदयासाठीचं प्रोप्रानोलॉल, उदासीसाठीचं अमिट्रिप्टिलिन, फिटसाठीचं टोपिरामेट ही औषधं अर्धशिशीतही वापरतात. घरी कुणीतरी नेटवर नाव पाहतं, ‘अगं, ही तर फिटची गोळी!’ म्हणतं, आणि औषध बंद होतं. बंद करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. गुण यायला दोन महिने लागू शकतात, आणि झटके निम्म्यावर आले तरी ते यश मानतात. दमा असेल, गरोदरपणाचा विचार असेल, तर ते आधी सांगा, कारण यातली काही औषधं तेव्हा चालत नाहीत. डोळ्यांपुढे रेघा दिसणारी अर्धशिशी असेल तर गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला, कारण पक्षाघाताचा धोका वाढू शकतो. आणि मैत्रिणींनो, पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांत अर्धशिशी वाढलेली दिसते. पुढे अनेकींची कमी होते.

काही वेळा मात्र वही बाजूला ठेवून सरळ इस्पितळ गाठायचं. क्षणात, वीज पडल्यासारखी सुरू झालेली, आयुष्यातली सर्वांत भयंकर डोकेदुखी. ताप आणि मान आखडणं. बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली शक्ती जाणं, शुद्ध हरपणं. डोक्याला मार लागल्यावरचं दुखणं. याशिवाय पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, किंवा नेहमीपेक्षा वेगळी आणि दिवसेंदिवस वाढत चाललेली डोकेदुखीही लवकर दाखवायची. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्यानं जोरात डोकं दुखलं, तर त्याच दिवशी.

शेवटचं मागणं सरांकडे आणि बाईंकडे. तुमच्यापैकी काही जण अजून शिकवत आहेत. प्रार्थनेच्या वेळी उन्हात उभं राहिल्यावर ज्या मुलाचं डोकं दुखतं, ज्याला मळमळतं, आणि तासाभराच्या झोपेनंतर जे पुन्हा खेळायला पळतं, ते बहाणा करत आहे असं वाटणं साहजिक आहे. पण मुलांची अर्धशिशी अशीच असते. मोठ्यांपेक्षा लवकर संपते आणि बऱ्याचदा कपाळावर दोन्हीकडे दुखते. अशा मुलाला थोडं पाणी, डबा खायची परवानगी, अंधाऱ्या खोलीत तासभर झोप, आणि आईवडिलांना एक चिठ्ठी, एवढं मिळालं तरी पुष्कळ आहे. त्याला आईसारखी साठी उलटेपर्यंत आपल्या दुखण्याच्या नावाची वाट पाहावी लागणार नाही.

माझी दहा मिनिटं संपली. चहाच्या वेळी बाहेरच्या टेबलावर नोंदीच्या तक्त्याच्या प्रती ठेवल्या आहेत, हव्या तेवढ्या घ्या. आणि ज्यांना आयटीतल्या संधींबद्दल विचारायचं आहे, त्यांनीही तिथंच भेटा.