‘कोनाले सांगू नोका’



अमरावतीचं डफरीन असो की अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय, गावाकडून आलेली मुलगी तोंड उघडण्याआधी म्हणते, ‘‘मॅडम, हे कोनाले सांगू नोका.’’ समाजसेवा अधीक्षक असोत की शाळेतल्या समुपदेशक, ‘नाही सांगणार’ हे त्यांच्या अगदी ओठांवर येतं. पण तेवढं वचन त्यांना देता येत नाही.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पोक्सो कायद्याचं १९ वं कलम सांगतं : अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तो होण्याची धास्ती वाटली, तर पोलिसांना कळवायलाच हवं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. शहानिशा पोलिसांनी करायची. सद्‌हेतूने कळवणाऱ्यावर बालंट येत नाही.

आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. माहिती असून न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरांवर होता. नागपूर खंडपीठाने त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. माहीत असून गप्प राहणं हा गंभीर गुन्हा आहे, असं न्यायालयाने बजावलं.

त्या वसतिगृहाचं नाव मी घेतलं नाही, कारण मुलीचं नाव, घर, शाळा, वस्ती यांतलं काहीही जाहीर करायला पोक्सो कायदाच मनाई करतो. जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. अल्पवयीन मुलगी संमतीच्या संबंधांतून गर्भवती राहिली आणि गर्भपातासाठी आली, तर तिच्या व पालकांच्या विनंतीवरून डॉक्टरांना पोलिसांकडेही तिचं नाव वगळता येतं. हा सर्वोच्च न्यायालयाचाच सप्टेंबर २०२२ चा निकाल. खबर मात्र द्यावीच लागते.

म्हणून समाजकार्यातल्या मित्रमैत्रिणींनो, मुलगी बोलू लागण्याआधीच तिला सांगा, ‘‘बाई, गावात याचा बोभाटा होणार नाही. पण कोणी तुला त्रास देत असेल, तर तो थांबवायला मला दोघा-चौघांना सांगावं लागेल. कोणाला, ते आधी तुला सांगेन.’’ हे ऐकून एखादी गप्प होईल, उठूनही जाईल. तरीही खोटं वचन देऊ नका. ते मोडलं की ती पुन्हा कोणाकडेच जाणार नाही. जाताना तिला मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक द्या. तो रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, आणि तिथे ती स्वतः बोलू शकते.