बांबू फुलला की उंदरांची फौज निघते

निवृत्त फौजी माणूस उंदरांवर काय बोलणार, असं बडोद्यापासून बेळगावपर्यंत ऐकणाऱ्यांपैकी कुणाला तरी वाटलंच असेल. पण ईशान्येत नोकरी केलेल्या माझ्या पिढीच्या अधिकाऱ्याला उंदीर वगळून मिझोरमचा इतिहास सांगता येत नाही.

आधी प्राण्याची ओळख. कुरतडणाऱ्या प्राण्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्यांना सतत काहीतरी कुरतडावंच लागतं. घरातला छोटा उंदीर, कौलांवरून पळणारा काळा उंदीर, पाया पोखरणारी घूस, खार, साळिंदर, सगळे याच गोतावळ्यातले. चिचुंद्री मात्र यात नाही. ती किडे खाणारी, वेगळ्याच कुळातली. उगाच मार खाते बिचारी.

आपलं काम आज काळ्या उंदराशी आहे. मादीचा गर्भकाळ तीन आठवड्यांचा, आणि पिल्लू तीन महिन्यांत विणीला तयार. मुद्दाम कमी धरून हिशेब करा: चार महिन्यांत प्रत्येक मादीचं एकच वेत, सहा पिल्लं, निम्म्या माद्या, आणि मरण कुणाला नाही. एका जोडीचे चार महिन्यांत 8, आठ महिन्यांत 32, वर्षात 128. मग जग उंदरांनी भरून का जात नाही? कारण रसद तुटते. डोंगरात भाताचा हंगाम संपला की अन्न आटतं, वीण थांबते, बरेच मरतात.

मिझोरमच्या डोंगरांवर मेलोकाना नावाच्या बांबूची जंगलंच्या जंगलं आहेत. मिझो त्याला माऊ म्हणतात. हा बांबू साधारण 48 वर्षांनी एकदम फुलतो, फळतो आणि वाळून जातो. डोंगरामागून डोंगर, एकाच सुमारास. फळ नासपतीसारखं, गरदार. गवताच्या कुळात एवढं मोठं फळ दुसरं नाही. (बांबू हे गवतच.) शास्त्रज्ञांचा तर्क असा, की एवढी फळं एकदम टाकली की खाणारे खाऊन थकतात आणि काही बिया वाचतात. तर्क मला पटतो. बांबूचा डाव बांबूपुरता ठीक आहे, पण किंमत माणूस मोजतो.

पावसाळ्याच्या तोंडाशी फळांचा सडा पडतो. उंदरांना हंगाम नसताना रसद मिळते. आया वितात, लेकी वितात, नाती वितात. मग उरलेल्या बियांना कोंब फुटतात, फळं संपतात, आणि नेमकं तेव्हाच झूमच्या शेतात भात तयार होत असतं. उंदीर रात्री उतरतात. संध्याकाळी उभं असलेलं शेत सकाळी नुसती ताटं उरलेलं दिसतं. याला मिझो ‘माऊताम’ म्हणतात, म्हणजे माऊचा दुष्काळ. आमच्याबरोबर एक वयस्क मिझो हमाल असायचा. तो साल कधी सांगायचा नाही. “माऊतामनंतर दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं, साब,” असं सांगायचा.

1911-12 चा माऊताम म्हाताऱ्यांच्या लक्षात होता. म्हणून 1958 साली मिझो जिल्हा कौन्सिलने आसाम सरकारला आधीच कळवलं: बांबू फुलतोय, दुष्काळ येणार, 15 लाख रुपये द्या. तेव्हा हे डोंगर आसामात होते. सरकारने ही डोंगरी लोकांची अंधश्रद्धा ठरवली. आमच्या भाषेत सांगायचं तर ठिकाण, वेळ आणि शत्रूची संख्या सांगणारी पक्की खबर फायलीत पडून राहिली. 1959 मध्ये उंदीर आले. शेपटामागे 40 पैसे इनाम लावलं, 20 लाखांवर उंदीर मारले गेले, तरी भात गेलंच. टोळी बाहेर पडल्यावर शेपट्या मोजून काही साधत नाही.

तांदळाची पोती पाठीवर घेऊन दूरच्या गावांत पोचली ती तरुण पोरं. त्यांची संघटना 1960 ची, मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट. पुढारी लालडेंगा, आपल्याच फौजेतला माजी हवालदार. 22 ऑक्टोबर 1961 ला नावातला ‘फॅमिन’ गळला आणि मिझो नॅशनल फ्रंट उभा राहिला. 1966 च्या मार्चमध्ये बंड, त्यावर ऐजॉलवर आपल्याच विमानांचा हल्ला, आणि 30 जून 1986 च्या करारापर्यंत वीस वर्षं. बंडाची कारणं आणखीही होती, सगळं उंदरांच्या माथी मारू नये. पण भुकेल्या गावात तांदूळ कोण घेऊन आलं, हे गाव विसरत नाही.

2006 ते 2008 च्या फुलोऱ्याला राज्य सरकारने तयारी आधीपासून केली होती. उंदीर ज्याकडे सहसा फिरकत नाहीत ते आलं आणि हळद लावायला सांगितलं. शेपटीला दोन रुपये इनाम तेव्हाही होतंच. पिकं गेली, दूरच्या गावांचे हाल झाले, पण 1959 ची गत झाली नाही.

आणखी एक बांबू आहे, त्याच्या दुष्काळाला ‘थिंगताम’ म्हणतात. तो 1929 ला आला, 1977 ला आला. त्यात 48 मिळवा, 2025 येतं. माऊची पाळी 2055 च्या आसपास. आज ऐजॉलच्या शाळेत पाचवीला असलेलं पोर तेव्हा चाळिशीचं असेल, कदाचित तिथलंच जिल्हाधिकारी.