घार, उकिरडा आणि विमान



ज्यांची गावे हवाई दलाच्या तळाजवळ आहेत, त्यांनी आजचे बोलणे नीट ऐकावे. पुण्याजवळ लोहगावला असा तळ आहे. तिथल्या धावपट्टीवरून लढाऊ विमाने उडतात, तशी प्रवाशांचीही उडतात. तळाला तारेचे कुंपण आहे. पण घार कुंपण जाणत नाही. ती आपल्या उकिरड्यावरून उठते आणि थेट विमानाच्या वाटेत जाते.

कोणी म्हणेल, "गुरुजी, विमान केवढे आणि पाखरू केवढे! पाखराने काय होणार?"

असे पाहा. आपण मोटारसायकलवरून जाताना भुंगा तोंडावर आपटतो, तेव्हा खडा बसल्यासारखा लागतो. तोच भुंगा हातावर बसला तर काही लागत नाही. मार भुंग्याचा नसतो, वेगाचा असतो. वेग दुप्पट झाला की माराचा जोर चौपट होतो. लढाऊ विमान जमीन सोडताना तासाला सुमारे २५० ते ३०० किलोमीटर वेगाने धावते. शिवाय जेट विमानाचे इंजिन समोरची हवा आत ओढते. आत पात्यांचा पंखा गरगर फिरत असतो. पक्षी आत ओढला गेला की पाती मोडतात आणि इंजिन बंद पडू शकते.

२७ जून २०१९ रोजी हरियाणात अंबाला येथे असेच घडले. जग्वार जातीच्या लढाऊ विमानाने उड्डाण केले आणि लगेच पक्षी आदळले. एक इंजिन गेले. वजन कमी करण्यासाठी वैमानिकाने तेलाच्या जादा टाक्या आणि सरावाचे लहान बाँब खाली सोडले, आणि विमान सुखरूप उतरवले. सोडलेल्या वस्तू वस्तीजवळ पडल्या. सुदैवाने कोणी दगावले नाही.

हॉलंड देशात आइंडहोव्हन येथे १५ जुलै १९९६ रोजी दैव आडवे आले. साळुंकीच्या जातीच्या पाखरांचा थवा बेल्जियमच्या लष्करी विमानाच्या इंजिनांत शिरला. विमान पडले आणि ३४ माणसे मेली. त्यातले एक पाखरू १०० ग्रॅमचेही भरत नाही.

मग पाखरे मारावीत काय? नाही. पाखरे उंदीर, किडे खातात, शेती राखतात. एक घार मारली तर दुसरी येते, कारण खाणे तिथेच असते. खाणे हलवले की घार आपोआप हलते.

तळावरची माणसे आपले काम करतात. ती गवत बेताचे ठेवतात, डबकी बुजवतात, बार काढून पाखरे उडवतात. पावसाळ्यात किडे आणि गांडुळे वर येतात, टिटव्या जमतात, तेव्हा त्यांना जास्त जपावे लागते. पण कुंपणाबाहेरचे काम आपले आहे.

पूर्वी मेलेले जनावर माळावर टाकले की गिधाडे ते फस्त करीत. १९९० नंतर जनावरांना टोचायच्या डायक्लोफिनॅक औषधाने बहुतेक गिधाडे मेली. आता तेच जनावर माळावर कुजत राहते. घारी, कावळे आणि कुत्री तिथे गोळा होतात.

म्हणून चार गोष्टी कराव्यात.

१. मेलेले जनावर विहिरीपासून दूर, पुरुषभर खोल खड्ड्यात पुरावे.

२. खाटकाने आणि कोंबडीवाल्याने आतडी, पिसे उघड्यावर टाकू नयेत. विमानतळाभोवती १० किलोमीटरच्या आत जनावर कापणे आणि घाण टाकणे यांना विमानविषयक नियमांत मनाई आहे.

३. उकिरड्याचा खड्डा करावा. रोज त्यावर मातीचा थर द्यावा. पुढे त्याचेच खत होते.

४. लग्नकार्यातले उष्टे रस्त्याकडेला ओतू नये.

कोणी म्हणेल, "विमानांच्या आवाजाने लेकरे दचकून उठतात. त्यांच्यासाठी आम्ही का राबावे?" आवाजाचा त्रास खरा आहे. तो ग्रामसभेत जरूर मांडावा, तळाच्या अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा. पण उकिरडा झाकणे हे त्यांच्यावर उपकार नव्हेत. विमान पडले तर ते आपल्याच शिवारात, आपल्याच घरांवर पडेल. आत बसलेला वैमानिकही कोणा आईचा मुलगा असतो.

येत्या ग्रामसभेत एकच ठराव करा: गावाचा कचरा-खड्डा कोठे खणायचा आणि त्यावर माती टाकण्याची पाळी कोणाची. एवढे ठरले तरी पुष्कळ झाले.